कंसात राहिलेला एक

फळ्यावर कंस काढण्याआधी आमचे गणिताचे सर दोन पावलं मागे सरकायचे. मग पुढे येऊन डावा कंस काढायचे, दाराची एक फळी लावावी तसा. मधे लिहायचं ते लिहून झालं की उजवा कंस यायचा, आणि तो पुरा होताना ते जिभेने टाळूवर टक् असा आवाज करायचे. कडी लागली, आतलं आत राहिलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याला हा आवाज आठवतोच. मी मराठी शिकवते. फळ्यावर एखादा शब्द कंसात घालताना माझीही जीभ टाळूला लागते, आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघतात.

पोरांनी त्यांचं नाव कंसमामा ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एका स्नेहसंमेलनात कुणीतरी मागून ओरडलं, तेव्हा ते माईकवर शांतपणे म्हणाले, "मामा म्हणा, माझी हरकत न्हाई. पण तो कंस भाचे मारायचा. हा कंस भाच्यांना एका जागी ठेवतो." आणि खाली बसले. बक्षीस समारंभ पुढे चालू झाला.

ते गेले त्याला आता महिना होईल. मी लिहायला बसते, पण आधीचं काय आणि नंतरचं काय हे लावावंसं वाटत नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. कुठलंही उदाहरण, कुठलंही भांडण, लग्नाची यादीसुद्धा समोर आली की त्यांचं एकच वाक्य असायचं, "आधी सगळ्यांत काय हाय ते बघा." म्हणून मीही तेच बघते आहे.

त्यांचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं. तीन पदांची बेरीज घ्या. सहा क्ष वर्ग य, अधिक नऊ क्ष य वर्ग, अधिक तीन क्ष य. तिन्ही पदांत जे आहे ते शोधायचं, त्यातलं मोठ्यात मोठं घ्यायचं, आणि ते कंसाबाहेर मांडायचं. इथे ते तीन क्ष य. मग कंसात ज्याचं त्याचं राहतं: पहिल्याचं दोन क्ष, दुसऱ्याचं तीन य, आणि तिसऱ्याचं एक.

हा शेवटचा एक पोरं हमखास विसरायची. तिसरं पद अख्खंच्या अख्खं बाहेर गेलेलं दिसायचं, मग आत काय राहणार? कंस दोनच पदांवर मिटायचा. एरवी मारकुटे नसलेले सर तिथे मात्र खवळायचे.

"सगळं बाहेर गेलं म्हंजे आत शून्य राहिलं काय बे? त्याची जागा हाय का न्हाई? जागेवर एक ठेव. आता परत आत गुणून बघ. बघ की. तिसरं पद कुठं गेलं? खाल्लंस?"

परत आत गुणून बघणं हा त्यांचा दुसरा नेम. बाहेर काढलेलं परत आत जाऊन पहिली बेरीज जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर ते अवयव पाडणं नव्हे, ती चोरी. आणि लहानसा अवयव काढून थांबणाराही त्यांना चालायचा नाही. "तीनच काढलास? आत क्ष दडलाय, य दडलाय. मोठ्यात मोठा काढ. कंजूषपणा काय कामाचा?"

खरं तर कंजूष ते स्वतः होते. म्हणजे पाहुण्याला चहा मिळायचा, पण साखर विचारायची नाही. पावसाळा असो की दुष्काळ, काखेत एक काळी छत्री. आमच्या भागात छत्रीला वर्षातून फार काम नसतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाऊस न येणं हा पावसाचा प्रश्न हाय. माझा न्हाई."

त्यांच्या फोडणीची गोष्ट तर शिक्षकांच्या खोलीत कायमची होती. सर एकटे राहायचे, हाताने स्वयंपाक करायचे. रविवारी नेकनूरच्या बाजारातून भाजी आणली की त्यांनी विचार केला, सगळ्या भाज्यांत काय आहे? तेल, मोहरी, कांदा, लसूण, तिखट. मग ते रोज रोज कशाला करायचं? रविवारी दुपारी आठवड्याची फोडणी एकदम करून ते बरणीत भरायचे. सोमवारी त्यात वांगं, मंगळवारी दोडका, बुधवारी मूग. उन्हाळ्यात गुरुवारनंतर त्यांच्या खोलीवरून जाताना नाकाला पदर लावावा लागायचा.

"सर, तुमच्या साऱ्या भाज्या एकसारख्याच लागत्यात," शेजारच्या बायका म्हणायच्या.

"सामाईक मोठं निघालं की असंच होतं," ते अभिमानाने सांगायचे.

नावं त्यांना पाठ होत नसत, किंवा ते पाठ करत नसत. प्रत्येक बाक ही त्यांच्या लेखी एक बहुपदी. मुलींच्या पहिल्या बाकावर आम्ही तिघी, आणि भिंतीकडची मी तिसरं पद. मी फार बोलत नसे. खिडकीत बसून वाचनालयाची पुस्तकं वाचणारी मुलगी म्हणून गाव मला ओळखायचं, आणि पुस्तकांपायी हिचे डोळे जाणार म्हणून माझ्यावर दयाही करायचं. सरांनी कधी दया केली नाही. "तिसरं पद, उत्तर," एवढंच. मी वहीवर बोट ठेवायची, ते वाकून बघायचे आणि पुढे जायचे.

ते मूळचे घाटनांदूरचे. घरचं किराणा दुकान, शंकराची भक्ती, कपाळाला भस्म. भस्म त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, घर मात्र सोडलं. एकदा, फार पुढे, मी कॉलेजात असताना त्यांनी कारण सांगितलं होतं. भावांची वाटणी झाली. दुकान एकाकडे, गोदाम एकाकडे, आईचा खलबत्तासुद्धा, खल एकाकडे न् बत्ता एकाकडे. "सगळं कंसात कोंबलं," ते म्हणाले. "बाहेर काहीच ठेवलं न्हाई. मग मीच बाहेर आलो." आणि बरणीतून चमचाभर फोडणी काढून भोपळ्यात घातली.

आता त्या वर्षाचं सांगते, कारण मी आज जी काही आहे ती त्या वर्षामुळे आहे.

पोळ्यापर्यंत पाऊस रखडत आला आणि मग आलाच नाही. बाजरी कमरेच्या खाली राहिली. कापूस बोंडातच करपला. गावच्या विहिरीत टँकर पाणी ओतायचा आणि बायका वरून बादल्या सोडायच्या. जनावरं छावणीत गेली, तशी गावची दूध संस्थाही बंद पडली. पांढऱ्या भिंतींची ती एक खोली, पत्र्याचं छप्पर, आत उपडे घातलेले कॅन, आणि दाराला चेअरमनचं कुलूप.

आमच्या गल्लीतली बहुतेक घरं दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची गाडी आली की भांडीकुंडी, बाजरीचं पीठ आणि अंथरुणं घेऊन माणसं पार पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यांच्या फडात, ती पाडव्याच्या सुमाराला परत. मागे म्हाताऱ्या राहायच्या आणि त्यांच्याजवळ शाळेतली पोरं. आमच्या घरी मावळण होती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच. मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्याजवळ राहायचो.

त्या वर्षी ते जमेना. पाण्याच्या रांगेत अर्धा दिवस जायचा. जळण आणायला डोंगरात आत आत जावं लागायचं. मावळणीचे गुडघे तिला उंबऱ्याबाहेर नेताना कुरकुरायचे. वडिलांनी ठरवलं, दोघांना संगं न्यायचं. मी कोपीवर, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायच्या आणि भावाला सांभाळायचं. मी दहावीत होते. परीक्षा मार्चमध्ये. गाडीत बसले की दहावी गेली, आणि आमच्याकडे एकदा गेलेली दहावी मुलीला परत मिळत नसे. पुढचं सगळं ठरलेलं होतं. एक-दोन हंगाम भाकरी, मग लग्न, मग माझा स्वतःचा कोयता.

गल्लीत घरोघर हेच चाललेलं होतं. सर हजेरी घेताना रिकाम्या होऊ घातलेल्या बाकांकडे बघायचे. एका संध्याकाळी ते छत्री घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"तिसरं पद इथंच राहतं ना?"

आई चुलीपाशी होती. ती उठून पदर सारखा करत म्हणाली, "आमच्या घरात कुनाला पद न्हाई सर. पदं समदी चेअरमनच्या घरात."

सरांना हे समजायला वेळ लागला, मग ते मोठ्याने हसले. मी त्यांना इतकं हसताना तेव्हाच पाहिलं. आत येऊन पाटावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "ह्या गल्लीतल्या सगळ्या घरांत काय हाय, सांगा बरं."

"दुष्काळ," वडील म्हणाले.

"ते तर हायच. आणखी?"

वडील कमी बोलणारे. सरांनीच सांगितलं. प्रत्येक घरात एक म्हातारी. प्रत्येक घरात पाण्याची रांग, जळणाची पायपीट, चूल. हे सगळं घरटी वेगळं करायचं म्हणून कुणालाच झेपत नाही. ते बाहेर काढायचं. एक रांग, एक चूल, एक छप्पर. दूध संस्थेची खोली मोकळी आहे. साऱ्या म्हाताऱ्या आणि सारी पोरं तिथे राहतील. आज कुणी रांगेत, उद्या कुणी जळणाला, बाकीच्या चुलीपाशी.

"आन् रातच्याला?"

"तिथंच झोपायचं. घरं कुलपात. मी बाजूला हायच."

वडिलांनी बराच वेळ तंबाखू मळली. "गाडी यायला वखत हाय अजून," ते म्हणाले. "तवर चालवून दावा. चाललं तर लेकरं ठिवतो. न्हाई तर माजी लेकरं माज्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सर चेअरमनकडे गेले. चेअरमन वाईट माणूस नव्हते. फक्त संस्था हा शब्द आला की ते ताठ बसायचे.

"सर, इमारत सहकारी हाय. ठराव लागंल. कोरम लागंल."

"सभासद तर सगळे ऊस तोडायला चाललेत."

"तेच म्हनतो मी. मंग ठराव कोन करणार?"

"ते गेल्यावर संस्थेत काय राहतं?"

"कॅन."

"मग कॅनला विचारा."

चेअरमन मिशीत हसले. "लई आगाऊ हायसा तुमी." त्यांनी किल्ली काढून दिली आणि वर बजावलं, "धुरानं भिंती काळ्या झाल्या तर चुना तुमी लावायचा."

"लावतो. खडू लई पडलेत माझ्याकडं."

तर असं ते सुरू झालं. गल्लीतल्या म्हाताऱ्या आपापली ताटली, तांब्या, गोधडी घेऊन संस्थेत आल्या. कॅन एका भिंतीला रचले. परसात तीन धोंड्यांची मोठी चूल मांडली. गाडी येईपर्यंत मोठी माणसंही तिथेच जेवणार होती, म्हणून पहिला दिवस तर जत्रेसारखा गेला. एकीने भाकरी थापाव्या, दुसरीने भाजाव्या, तिसरीने येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी ढवळत सगळ्यांच्या सुनांची उणीदुणी काढावी. पाणी कमी लागलं, जळण कमी लागलं. मी दुपारभर पुस्तक घेऊन कॅनला टेकून बसले होते. सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "मोठ्यात मोठा निघाला."

तिसऱ्या सकाळी संस्थेतली चूल गार होती. आम्ही पोरं ओळीने बसलेलो, आणि म्हाताऱ्या एकही नाहीत. त्या उजाडायच्या आधीच उठून आपापल्या घरी गेल्या होत्या. सर मला घेऊन आमच्या घरी आले. मावळण चुलीत फुंकर घालत होती. घर धुराने भरलेलं.

"मावळण, तिकडं लेकरं उपाशी हायेत."

"मंग हितं काय करू मी?" तिने मान वर केली नाही. "दोन रोज हितली चूल इझलेली हाय. मढं निघाल्याबिगर कुनाच्या घरची चूल इझती व्हय, सर? माजा भाऊ अजून गाडीत चढायचा हाय, आन् मी त्याच्या घरात आत्तापसून सुतक पाळू?"

"जळण वाचतंय, पाणी वाचतंय."

"वाचलेलं जळण काय उरावर घेऊ? तुमाला न्हाई कळायचं ते. तुमचं घर कुटं हाय?"

हे बोलल्यावर तिने स्वतःचीच जीभ चावली. सर छत्री उचलून निघून गेले.

त्या दिवशी त्यांनी पोरांसाठी स्वतः स्वयंपाक केला. बरणीतली फोडणी ओतून पिठलं केलं. पिठल्यात लिंबाएवढ्या गाठी होत्या. कुणीतरी विचारलं, "सर, पिठलं हाय का लाडू?" त्यावर सगळी हसली, पण कुणी पोटभर खाल्लं नाही. माझा भाऊ रडत घरी पळाला. भाकरी भाजताना सरांची दोन बोटं पोळली होती, त्यांना त्यांनी पांढरी चिंधी बांधली.

 संध्याकाळी आईने जायचं गाठोडं सोडलं, माझे दोन झगे आणि भावाचा सदरा त्यात ठेवला आणि पुन्हा गाठ मारली. मी दारात बसून ते बघत होते. गाठ मारताना ती दातांनी ओढून पक्की करायची, तशी तिने केली.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास. चिंधी बांधलेल्या हाताने सरांनी उदाहरण लिहिलं, तेच ते, त्यांच्या आवडीचं. मागे सरकले. तीन क्ष य बाहेर काढला. डावा कंस. दोन क्ष अधिक तीन य. उजवा कंस. टक्.

 मला वाटलं मागच्या मुलांपैकी कुणी बोलेल. कुणी बोललं नाही, सर मुद्दाम परीक्षा घेत असतील असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण मी त्यांचा चेहरा बाजूने बघत होते. ती परीक्षा नव्हती.

"सर," मी म्हणाले. "एक राहिला."

त्या वर्गात मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. सर वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. 

"राहिला खरा," ते म्हणाले. खडू खाली ठेवला. "तिसरं पद, चल माझ्यासंगं."

भर उन्हात ते पुढे, मी मागे. आमच्या घराच्या उंबऱ्यावर ते बसले. आत आले नाहीत. मावळण तांदूळ निवडत होती. कालचं बोलणं तिच्याही मनात असावं, कारण तिने पाटाऐवजी चटकन घोंगडी अंथरली.

"चूक माझी हाय," सर म्हणाले. "तुमच्या घरचं सगळं मी बाहेर काढलं, आणि आत काहीच ठेवलं न्हाई. आयुष्यभर पोरांना ह्याच चुकीसाठी बोलत आलो. आता तुमी सांगा. घरात कमीत कमी काय राहिलं म्हंजे घर चालू हाय असं म्हणायचं?"

मावळणीने सूप बाजूला ठेवलं. कुणी आपल्याला असं विचारील हे तिला अपेक्षित नव्हतं.

"सकाळच्याला चूल पेटली पायजे," ती म्हणाली. "तिच्यावर एक भाकर भाजली पायजे. सांजच्याला दिवा लागला पायजे. मंग बाकीचं काय बी न्या."

"एकच भाकर?"

"चुलीला एक काय न् धा काय. तिला तवा दिसला पायजे."

सरांनी हळूच मान हलवली. "एक," ते स्वतःशीच म्हणाले आणि जिभेने टक् केलं. मावळणीला वाटलं, हे आपल्याला हिणवतात की काय. मी तिला म्हणाले, "न्हाई गं. त्यांचं बरोबर आलं."

त्या संध्याकाळी म्हाताऱ्या घरोघर दिवा लावून, घरातच झोपल्या. सकाळी गल्लीत प्रत्येक छपरातून धुराची एक बारीक रेघ निघाली. भुईमुगाच्या टरफलांवर नाही तर मूठभर काटक्यांवर एक भाकर भाजून, ती फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्या संस्थेकडे चालू लागल्या. तिथे त्या सगळ्या भाकरी एका टोपलीत पडायच्या. कुणाची कुठली ते कळायचं नाही. बाकीचं सगळं, पाणी, जळण, आमटी, उरलेल्या भाकरी, मोठ्या चुलीवर. घरची ती एक भाकर पोरं भांडून खायची. माझा भाऊ बोट दाखवून म्हणायचा, ही आपल्या घरची. बहुतेक वेळा ती नसायची.

मुकादमाची गाडी आली तेव्हा हे सुरळीत चालू होतं. वडील सकाळी संस्थेत येऊन चुलीपाशी उकिडवे बसले, सगळं बघून गेले. घरी येऊन आईला म्हणाले, "सोड."

आईने गाठ दातांनी सोडली. माझे झगे आणि भावाचा सदरा काढून खुंटीला लावला, आणि गाठोडं पुन्हा बांधलं. ते आता लहान झालं होतं. आई रडली नाही. गाडीत चढताना तिने फक्त एवढंच सांगितलं, "येणी घालून शाळंत जा. मोकळ्या केसांनी जाऊ नको."

सर छत्री उघडून गाडीजवळ उभे होते. वडिलांना म्हणाले, "परत आल्यावर आत गुणून बघा. एक जरी कमी भरलं तर माझं गणित चुकलं."

"गणित चुकलं तर चालंल, सर," वडील म्हणाले. "लेकरं नीट ठिवा."

त्या हंगामाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. दोन म्हाताऱ्यांनी येसरावरून अबोला धरला आणि कॅनच्या दोन बाजूंना बसून एकमेकींना पोरांकरवी निरोप पाठवले. सर रोज संध्याकाळी गल्लीतून एक फेरी मारायचे, दिवे बघत. एखाद्या घरात अंधार दिसला की बाहेरूनच हाक द्यायचे, "एक राहिला!" आतून म्हातारी ओरडायची, "लावते की, बाप्पा! काडी तर वढू द्या." ही हाक पुढे गावात रूढ झाली. अजून कुणी दिवा लावायचा विसरलं की लोक तेच म्हणतात, आणि नव्या सुनांना वाटतं ही आमच्या गावची जुनी म्हण आहे.

मी नेकनूरच्या केंद्रावर परीक्षा दिली. गणिताचा पेपर सोपा होता.

पाडव्याच्या आधी गाडी परतली, सकाळच्या वेळी. उन्हाने करपलेली, अंगाला उसाच्या पाचटाचे ओरखडे असलेली माणसं खाली उतरली. आई घरात शिरली. भाऊ तिच्या पायांना बिलगला होता. पण त्याला उचलण्याआधी ती सरळ चुलीपाशी गेली आणि तिच्या काठावर तळहात ठेवला. चूल ऊन होती. आईने हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग भावाला कडेवर घेतलं.

मी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. सर छत्री टेकून उभे होते. घराघरातून माणसं आत जात होती, दारं उघडत होती. शेवटचं दार उघडलं तसे ते वळले आणि शाळेकडे निघाले. तो आवाज त्यांनी केला असणारच. मला तो तेवढ्या अंतरावरून ऐकू आला नाही, एवढंच.

पुढे दुष्काळ पुष्कळ आले. ती रीत गावात राहिली, संस्था पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या परसात हलली. सर निवृत्त झाले आणि कुठेही गेले नाहीत. संस्थेच्या मागची एक खोली त्यांनी घेतली. मी बीडला नोकरीला लागले; तिथून गावी गेले की त्यांचं दार वाजवायची. त्यांना शेवटी दिसत नव्हतं. पावलांवरून विचारायचे, "तिसरं पद का?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

ते सकाळी चहा घेऊन झाल्यावर गेले. फोन आल्यावर मी पहिल्या एसटीने निघाले. गल्लीत शिरले तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं. दिवस चांगलाच वर आला होता आणि कुठल्याच घरातून स्वयंपाकाचा वास नव्हता. आता बहुतेक घरांत गॅस आहे, पण एकाही घरात तो पेटलेला नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्या म्हाताऱ्यांनी दोन दिवस चूल विझली म्हणून बंड केलं होतं, त्यांच्या लेकीसुनांनी त्या दिवशी परक्या माणसासाठी आपली चूल बंद ठेवली होती. चिल्ल्यापिल्ल्यांना बिस्किटं दिली होती.

घाटनांदूरहून त्यांचे दोन्ही भाऊ आले. खूप म्हातारे झाले होते. त्यांच्या रीतीप्रमाणे माती दिली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुणीतरी सरांची छत्री उघडून भावांच्या हातात दिली, आणि ते दोघे भाऊ तिच्याखाली एकमेकांना चिकटून उभे राहिले.

दुपारी गल्लीतल्या चुली पेटल्या. मी आणि आई सरांची खोली आवरायला गेलो. आई आता मावळणीएवढी झाली आहे, गुडघेही तसेच. आवरण्यासारखं फार नव्हतं. पुस्तकं, खडूंचं खोकं, आणि फळीवर फोडणीची बरणी, आठवड्याच्या मध्यापर्यंत उतरलेली. भाऊ दारात किल्ली घेऊन उभा होता.

"चला आता," तो म्हणाला. "हितं कोन ऱ्हाणार हाय?"

आई उंबऱ्यावर बसली होती. ती उठली नाही. "स्टोव्ह पेटव," ती मला म्हणाली. "पीठ डब्यात असंल."

मी पीठ भिजवलं. किती भिजवायचं हे विचारलं नाही. एक भाकर थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. ती चांगली टम्म फुगली. ती मी त्यांच्या ताटलीत काढून ठेवली, स्टोव्ह विझवला, आईला हाताला धरून बाहेर आणलं. मग दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली. माझी जीभ टाळूला लागली, आणि पुढे निघालेली आई तो आवाज ऐकून थांबली.